कोंकणी व मराठी : घरांत शिकलेला एक धडा

आमच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं फोंड्याकडील सून आली. पहिल्याच आठवड्यांत एके सायंकाळीं कळशी उचलतां उचलतां ती सहज म्हणून गेली, "हांव उदक हाडटां." मुलें खो खो हंसलीं, आणि आम्हीं, वह्या तपासण्याची खोड अंगीं मुरलेली असल्यामुळें, लागलीच दुरुस्ती केली, "सूनबाई, 'मी पाणी आणतें' असें म्हणावें." ती 'बरें' म्हणाली व त्या दिवसापासून घरांत मराठीच बोलूं लागली. पण बोलणें थोडें झालें. माहेरचें पत्र किंवा निरोप आला म्हणजे ती मागील दारीं जाऊन हळू आवाजांत बोले. याचा अर्थ आमच्या ध्यानीं यावयास वर्ष लागलें.

पुढें घरीं उदकशांत झाली. उपाध्यायांनीं पळीभर पाणी हातावर घातलें, तेव्हां आमचें आम्हांलाच ओशाळल्यासारखें झालें. जो शब्द आम्ही संध्येंत व श्राद्धांत पवित्र म्हणून उच्चारतों, तोच नित्याच्या व्यवहारांत वापरणाऱ्या मुलीला आम्हीं अशुद्ध ठरविलें होतें! तेव्हांपासून आम्ही कोंकणीकडे विद्यार्थ्याच्या बुद्धीनें पाहूं लागलों.

प्रथम 'हांव' पहा. संस्कृत 'अहम्', त्याचें 'अहकम्', अपभ्रंशांत 'हउं' आणि कोंकणींत 'हांव' अशी ही सरळ परंपरा आहे. आमच्या 'मी'चें मूळ विद्वान् 'मया' या तृतीयेच्या रूपाशीं जोडतात. म्हणजे प्रथमेचें जुनें रूप सुनेच्या मुखीं राहिलें आणि दुरुस्ती मात्र आम्ही करीत बसलों. तीच गोष्ट 'घोडो' शब्दाची. मराठींत 'घोडा' झाला. कोंकणीनें प्राकृतांतील 'पुत्तो'सारखा ओकार राखला. गुजरातींतही तो आहेच.

सर्वांत आश्चर्य वाटलें तें अनुस्वाराचें. आमच्या गुरुजींनीं आम्हांस 'केळें', 'तळें' असें लिहावयास शिकविलें. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं हे अनुच्चारित अनुस्वार गेले; आम्ही तेवढे अद्याप ते सोडले नाहींत, म्हणून नातवंडें आमची थट्टा करितात. एके दिवशीं सून केळीं सोलीत असतां 'केळें' म्हणाली, आणि तो अनुस्वार आम्हीं प्रथमच स्पष्ट कानांनीं ऐकला! जो आमच्या लेखणींत केवळ टिंब होऊन उरला, तो तिच्या नाकांतून जिवंत निघत होता.

यावरून कोंकणी श्रेष्ठ व मराठी कनिष्ठ असें ठरत नाहीं. आणि कोंकणी ही बिघडलेली मराठी होय, हेंही खरें नव्हे. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं 'क्रिस्तपुराण' मराठींत प्रसिद्ध केलें आणि व्याकरण लिहिलें तें कोंकणीचें. तें त्यांच्या पश्चात् १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. परदेशांतून आलेल्या त्या पंडितास हा भेद उमगला होता. विसाव्या शतकांत डॉ. कत्रे यांनीं कोंकणीच्या घडणीवर १९४२ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साहित्य अकादमीनें १९७५ सालीं कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा मानलें. १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली व १९९२ सालीं घटनेच्या आठव्या अनुसूचींत तिचा समावेश झाला.

नातें आणि उसनवारी यांतील भेदही येथें जाणला पाहिजे. जावाजवळच्या मदुरा बेटाची भाषा आणि फिलिपाइन्सची फिलिपिनो या दोन्ही एकाच दूरवर पसरलेल्या सागरी भाषाकुलांतील. दोहोंत डोळ्यास 'मता' म्हणतात. हें रक्ताचें नातें. दोहोंत शिक्षकास आपल्या 'गुरु' शब्दाचेंच रूप आहे, ती उसनवारी. मध्यें समुद्र असल्यामुळें एकीस दुसरीची बोली म्हणण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्यामध्यें मात्र केवळ घाट! आमच्या पिंपरी पेंढारावरून जाणारा रस्ता माळशेज घाटानें खालीं उतरतो. जवळच नाणेघाटांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्राकृत लेख आहे. दोन हजार वर्षें माणसें या घाटांनीं वर-खालीं जात आलीं. शेजार इतका निकट असला म्हणजे बहिणीस मुलगी समजण्याची चूक होते.

फिलिपिनोंत आणखी एक मौज आहे. ऐकणाऱ्यास वगळून 'आम्ही' म्हणावयाचें तर 'कामी', त्यास सामावून घ्यावयाचें तर 'तायो'. आमच्या मराठींतही 'आम्ही' आणि 'आपण' असा हाच सुंदर भेद आहे. हें व्याकरण आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविलें. घरांत मात्र 'आमच्याकडे असें म्हणत नाहींत' एवढेंच सुनेस ऐकविलें.

गतवर्षीं नात झाली. बारशानंतर आम्हीं सूनबाईस जवळ बोलावून सांगितलें, "मुलीशीं तुम्ही आपल्या कोंकणींतच बोला. मराठी शिकवावयास आम्ही इतकीं माणसें आहोंत. कोंकणी शिकवावयास तुम्ही एकट्याच." ती कांहीं बोलली नाहीं, पदरानें डोळे टिपून आंत गेली. दुसऱ्या दिवशीं ओसरीवर, पाळण्यापाशीं, मोठ्यानें कोंकणी ऐकूं आली. ज्या घरांत परप्रांतींची, परभाषेची सून आली असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं दुरुस्ती करण्यापूर्वीं क्षणभर कान द्यावा, एवढीच आमची विनंति. नात आतां पाण्याचें भांडें दाखवून 'उदक' म्हणते, आणि आम्ही उठून तिला तें देतों.