बरणीतली चिठ्ठी

वढू बुद्रुकला माणसं येतात ती छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला. भीमेकाठच्या या गावाच्या ग्रामपंचायतीकडे बाहेरून आलेल्या माणसानं वळून पाहावं असं वरवर काही नाही. पण तिथल्या सरपंचाच्या खुर्चीवर कुणी बसायचं, हे ठरण्याची रीत पाहिली की मी दर वेळी थक्क होतो.

मत गावकरी देतात, हे खरंच. पण त्याआधी तालुक्याला आरक्षणाची सोडत निघते. कोणत्या गावचं सरपंचपद कुणासाठी राखीव, हे काही ठिकाणी लोकसंख्येच्या क्रमानं आणि फिरत्या पाळीनं ठरतं, काही ठिकाणी चिठ्ठीनं. गावांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या घड्या घालून बरणीत टाकतात आणि शाळेतलं एखादं लहान मूल पुढे होऊन बरणीत हात घालतं. समोर गावोगावचे पॅनलप्रमुख आणि माजी सरपंच माना उंचावून बसलेले. पाच वर्षं जुळवत आणलेलं एखाद्याचं गणित त्या इवल्या हातानं क्षणात मोडतं.

आता हजार वर्षं मागे चला. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूर इथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला शिलालेख आहे. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडायच्या, ते त्यात सविस्तर कोरलंय. पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहायची, घड्यात टाकायची आणि एका लहान मुलानं ती काढायची. मूल कुणाच्या गटाचं नसतं, हे तेव्हाच्या गावालाही कळलं होतं! मात्र त्या घड्यात नाव पडायला जमीन लागायची, वेदविद्या लागायची. आजच्या बरणीची खरी नवलाई याच फरकात आहे. तिच्यातून बाईचा आणि दलित-आदिवासींचा हक्क बाहेर येतो.

हा हक्क किती लांबून आला, ते पाहा. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. त्या प्रामुख्यानं उत्तरेकडच्या राज्यांतल्या. नाव विचारलं की 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच त्या सांगत. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीनं 24 एप्रिल 1993 पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि 2011 मध्ये महाराष्ट्रानं ते प्रमाण निम्म्यावर नेलं.

यानं गावात काय बदललं? एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या संशोधकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. राखीव गावं कुणाच्या मर्जीनं निवडलेली नव्हती, म्हणून तुलना चोख झाली. 2004 साली छापून आलेला निष्कर्ष असा : बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. हंडा ज्याच्या डोक्यावर असतो, त्याला पाणी आधी आठवतं.

शेजारीही हेच बी रुजलं. बांगलादेशात 1997 पासून युनियन परिषदेतल्या राखीव जागांवर बायका थेट मतदानानं निवडून येऊ लागल्या. नेपाळमध्ये 2017 च्या स्थानिक निवडणुकांपासून प्रत्येक वॉर्डात दोन स्त्रियांना जागा आहे आणि त्यांतली एक दलित स्त्रीची. या देशांच्या राजधान्यांत सत्ता डळमळली, उलथलीही. तरी लोकशाही पुन्हा उभी राहण्याची ताकद मला वॉर्डात दिसते; मत मागण्याची आणि हरल्यावर पाच वर्षं थांबण्याची सवय तिथेच लागते.

गाव म्हणजे गोकुळ, असं मात्र मी म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1932 साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बजावलं होतं, की गावात बहुसंख्याकांच्या हाती सत्ता गेली तर अस्पृश्यांना संरक्षण उरणार नाही. त्यांना राखीव जागा हव्यात. ती भीती जुनी झालेली नाही. डिसेंबर 2017 च्या अखेरीस वढूतच, संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केल्याचं दलित परंपरा ज्यांच्याबद्दल सांगते त्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तेढ झाली आणि 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. सरपंच बाई आणि कारभारी नवरा, हेही आपण रोज पाहतो. नुसतं आरक्षण पुरत नाही. पण ते नसतं तर त्या खुर्चीकडे बघायचीही सोय कित्येकांना नव्हती.

खुर्चीवर कुणीही बसो, त्याला ग्रामसभेत जाब विचारता येतो. महाराष्ट्रात त्या सभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. ग्रामसभेला शंभर मतदार, किंवा मोठं गाव नसेल तर एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, जमले की गणपूर्ती होते. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर पाहा आणि आईला, बहिणीला, सुनेला घेऊन जा.