बंदिस्त नेटवर्क आणि स्वयंचलित इन्स्टॉलेशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन म्हणजेच नेटवर्कवरून संगणक सुरू करणे, हा या विषयातील सर्वांत चिवट गैरसमज होय. आणि ज्या विद्यापीठांत, बँकांत वा रुग्णालयांत नेटवर्क मध्यवर्ती विभागाच्या ताब्यात असते, तेथे ‘आपल्याकडे हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष त्यातूनच निघतो. वस्तुतः ही दोन निरनिराळी कामे आहेत. इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टिम डिस्कवर बसवणारा प्रोग्राम, संगणकाच्या मेमरीत आणणे हे पहिले. आणि भाषा, डिस्कची विभागणी, वापरकर्ते यांविषयी तो विचारत असलेल्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधून पुरवणे हे दुसरे. निर्बंधांमुळे अडतो तो पहिल्या कामाचा केवळ एक मार्ग.

तो मार्ग म्हणजे पीएक्सई. इंटेलच्या पुढाकाराने आलेल्या आणि १९९९ च्या २.१ या आवृत्तीने रूढ झालेल्या या पद्धतीत संगणक सहसा आयपी पत्ता देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडूनच बूट फाइलचा ठावठिकाणा मिळवतो आणि टीएफटीपी या अगदी साध्या प्रोटोकॉलने ती उतरवून घेतो. हा मार्ग बंद पडला की दोष सहसा फायरवॉलला दिला जातो. परंतु एकाच उपजाळ्यात अडवणूक बहुधा स्विचवरील डीएचसीपी स्नूपिंग करते, म्हणजे विश्वासू ठरवलेल्या पोर्टखेरीज अन्य कोठूनही आलेली डीएचसीपी उत्तरे स्विच टाकून देतो. केवळ बूटची माहिती देणारा, पत्ते न वाटणारा ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ यातून सुटतो, ही समजूतही टिकत नाही, कारण त्याचे उत्तरही डीएचसीपीचेच असते. हा निर्बंध जाचक वाटला तरी रास्त आहे: कोणीही उभा केलेला डीएचसीपी सर्व्हर शेजारच्या सर्व संगणकांची वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो.

फायरवॉल खरोखरच मध्ये असेल, तर यूडीपी पोर्ट ६९ उघडल्याने काम भागत नाही. टीएफटीपी सर्व्हर पहिली विनंती त्या पोर्टवर घेतो, पण फाइल वेगळ्याच, दर वेळी बदलणाऱ्या पोर्टवरून पाठवतो. काही वेळा तर मनाई नसतेच: स्पॅनिंग ट्री, म्हणजे जाळ्यातील वर्तुळाकार मार्ग टाळणारी व्यवस्था, तिच्या मूळ स्वरूपात नवे पोर्ट खुले करण्यापूर्वी सुमारे ३० सेकंद घेते आणि तोवर काही फर्मवेअर नाद सोडून देते.

नेटवर्क बूट नसेल तर प्रत्येक संगणकापुढे बसून उत्तरे भरावी लागतात, हेही खरे नव्हे. विंडोज सेटअप पेन ड्राइव्हच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवलेली ‘ऑटोअनअटेंड.एक्सएमएल’ ही फाइल आपण होऊन शोधतो. रेड हॅटचा इन्स्टॉलर ‘ओईएमडीआरव्ही’ असे लेबल असलेल्या ड्राइव्हवरील ‘किकस्टार्ट’ ही उत्तरांची फाइल उचलतो. उबुंटू सर्व्हर २०.०४ पासून ‘सीआयडेटा’ लेबलाच्या ड्राइव्हवरून उत्तरे घेऊ शकतो. पॅकेजेस संपूर्ण डीव्हीडी प्रतिमेतून किंवा संस्थेच्या अंतर्गत मिररवरून मिळाली, तर बाहेरच्या इंटरनेटची गरजही उरत नाही. पेन ड्राइव्ह घेऊन फिरावे लागते, एवढेच.

उत्तरांच्या फाइलमधील पासवर्ड वाचता येत नाही म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज मात्र धोक्याचा आहे. विंडोजच्या फाइलमध्ये तो लपवला तरी ते केवळ बेस६४ रूपांतर असते आणि क्षणात उलटवता येते. लिनक्समध्ये हॅश, म्हणजे पासवर्डचे थेट न उलटवता येणारे रूप, देता येतो, पण दुबळा पासवर्ड अंदाजाने शोधण्यास हॅशही पुरतो. शिवाय अशा फाइलमधील डिस्क पुसण्याची आज्ञाही इन्स्टॉलर न विचारता पाळतो, म्हणून चुकीच्या संगणकाला लागलेला ड्राइव्ह त्यावरील सारे नष्ट करू शकतो. उबुंटूचा इन्स्टॉलर कर्नलच्या आज्ञेत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल तर डिस्कला हात लावण्यापूर्वी एकदा संमती मागतो, ती याचसाठी.