विजेची स्कूटर आणि जॉबवर्कचा धंदा

मालेगाव किंवा इचलकरंजीत स्वतःचा एकही माग नसलेला माणूस कापडाचा कारखानदार होऊ शकतो. सूत एकाकडून घ्यावे, सायझिंग दुसऱ्याकडे करावे, विणाई तिसऱ्याकडून मजुरीवर करून घ्यावी. आम्ही कापडवाले वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहोत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा धंदाही याच वाटेने वाढला आहे.

तामिळनाडूतील होसूर पाहा. बंगळूरहून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे. टीव्हीएसने १९८० मध्ये तेथे मोपेड काढली. पुढे आसपास सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने उभे राहिले. २०१३ मध्ये तरुण मेहता व स्वप्निल जैन या दोन तरुण इंजिनिअरांनी एथर कंपनी स्थापन केली. त्यांची पहिली स्कूटर २०१८ मध्ये बंगळूरात विक्रीस आली आणि २०२१ मध्ये त्यांनी होसूरला मोठा कारखाना थाटला. स्कूटरचा आराखडा आणि बॅटरी पॅक त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले. चाके, ब्रेक, शॉकअब्सॉर्बर, वायरिंग यांचे कारागीर या पट्ट्यात आधीपासून होतेच. त्यामुळे नव्या माणसाचे भांडवल आणि वेळ, दोन्ही वाचले.

मात्र बॅटरीचे सेल अजून बहुतांशी परदेशातून येतात. शिवाय या गाडीला कार्ब्युरेटर, पिस्टन, सायलेन्सर लागत नाहीत. केवळ हेच भाग करणाऱ्यांनी आताच दुसरे काम शोधलेले बरे.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) बिडकीन येथे कारखाना काढण्याची घोषणा एथरने २०२४ मध्ये केली. तेथून जवळच वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आणि त्याच्या भोवती लेथ, प्रेस, वेल्डिंगवाले आपले अनेक बांधव आहेत. मोठी कंपनी थेट त्यांच्याकडे येणार नाही. ती मोठ्या पुरवठादाराला काम देईल आणि तो पुढे जॉबवर्क वाटील. म्हणून ओळख त्या पुरवठादाराशी हवी.

त्यासाठी मापात काटेकोरपणा हवा, माल वेळेवर हवा आणि बिल पक्के हवे. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवावी. नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकवता येत नाहीत, असा २००६ चा कायदा आहे. उधारीत बुडालेल्या कारागिराला याची किंमत सांगायला नको.

हुनर आपल्याकडे आहे. कागद आणि वक्तशीरपणा यांत मात्र आपण मागे पडता कामा नये.