बी.बी.ए. अभ्यासक्रमातील बदल (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ)

बी.बी.ए. अर्थात व्यवसाय प्रशासन पदवी हा वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेतील पदवी अभ्यासक्रम आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांत, तो अनेक महाविद्यालयांतून शिकवला जातो. २०१९ नंतरच्या काही वर्षांत या पदवीच्या अटी तीन अंगांनी बदलल्या. प्रथम निवडाधारित श्रेयांक पद्धती आली. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार विषयांची रचना व पदवीचा कालावधी बदलला. याच सुमारास, २०२४-२५ पासून, हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पदवी मिळवण्यासाठी काय पूर्ण करावे लागते आणि पदवीला प्रवेश कसा मिळतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यामुळे बदलली. भिगवण, इंदापूर व बारामती परिसरासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातील दुसरा बदल विशेष महत्त्वाचा ठरतो.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्रात वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये, तर पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्ये सुरू झाले. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली व २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. दीर्घकाळ वाणिज्य शाखेतील मुख्य पदवी बी.कॉम. हीच होती. लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, बँकिंग व व्यापारी कायदा हा तिचा गाभा होता. उद्योगांमध्ये प्रशिक्षित व्यवस्थापकांची मागणी वाढली, तशी पदवी स्तरावरच व्यवस्थापन शिकवणारे अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबई विद्यापीठात बी.एम.एस. आणि पुणे विद्यापीठात बी.बी.ए. ही त्यांची परिचित नावे आहेत. पुणे विद्यापीठाने वाणिज्य विद्याशाखेतील संगणक उपयोजन व आंतरराष्ट्रीय व्यवसाय या पदव्यांनाही पुढे बी.बी.ए. (सी.ए.) व बी.बी.ए. (आय.बी.) अशी नावे दिली.

एम.बी.ए. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमनाखाली होता. बी.बी.ए. मात्र बी.कॉम.प्रमाणेच विद्यापीठाच्या अखत्यारीत राहिला. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ तयार करी, विद्या परिषद त्यास मान्यता देई आणि प्रवेश बहुधा महाविद्यालये आपल्या पातळीवर बारावीच्या गुणांच्या आधारे देत.

== २०१९ चा आराखडा ==

विद्यापीठाने २०१९-२० पासून पदवी अभ्यासक्रमांत निवडाधारित श्रेयांक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू केली. श्रेयांक हे अध्ययनासाठी दिलेल्या वेळेचे माप आहे. तात्त्विक विषयात एका श्रेयांकासाठी साधारणतः १५ तासांचे अध्यापन धरले जाते, तर प्रात्यक्षिक किंवा प्रशिक्षणासाठी ३० तास धरले जातात.

या आराखड्यातील बी.बी.ए. तीन वर्षांचा व सहा सत्रांचा होता. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यावसायिक संवाद कौशल्य, लेखाकर्म, सूक्ष्म अर्थशास्त्र, व्यावसायिक गणित असे पायाभूत विषय सर्वांना सारखेच होते. पुढे वित्त, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन, कृषी-व्यवसाय व्यवस्थापन अशा विशेष विषयांतून एकाची निवड करता येई. निवडीला वाव असला तरी ती व्यवस्थापन शाखेच्या चौकटीतच होती. ठरलेल्या विषयपत्रिका उत्तीर्ण झाल्या की पदवी मिळे. मधल्या वर्षी शिक्षण थांबवणाऱ्यास त्याने पूर्ण केलेल्या वर्षांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र मिळत नसे.

== राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार रचना ==

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास मान्यता दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यानुसार स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली.

=== कालावधी व निर्गमन ===

नव्या रचनेत पदवी तीन किंवा चार वर्षांची आहे. प्रत्येक वर्षाच्या शेवटी अभ्यासक्रमातून बाहेर पडण्याची सोय आहे.

* पहिले वर्ष : ४० ते ४४ श्रेयांक, प्रमाणपत्र
* दुसरे वर्ष : एकूण ८० ते ८८ श्रेयांक, पदविका
* तिसरे वर्ष : एकूण १२० ते १३२ श्रेयांक, पदवी
* चौथे वर्ष : एकूण १६० ते १७६ श्रेयांक, ऑनर्स किंवा संशोधनासह ऑनर्स पदवी

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ वर्ष उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. प्रमाणपत्र वा पदविकेसाठी त्याला ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम अथवा आंतरवासिता अधिकची पूर्ण करावी लागते. संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण आवश्यक असून त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. एम.बी.ए.च्या प्रवेशासाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे, त्यामुळे चौथे वर्ष सर्वांसाठी अनिवार्य ठरत नाही.

विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत नोंदवले जातात. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परतता येते. मात्र पदवी एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पूर्ण करावी लागते.

=== विषयांचे गट ===

जुन्या आणि नव्या रचनेतील मूलभूत फरक विषयांच्या वर्गवारीत आहे. नव्या रचनेत एकूण श्रेयांक पूर्ण असून भागत नाही. प्रत्येक गटातील ठरलेले श्रेयांक स्वतंत्रपणे पूर्ण व्हावे लागतात.

'''मुख्य विषय''' : एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे श्रेयांक मुख्य विषयाचे असतात. बी.बी.ए.मध्ये व्यवस्थापन व त्यातील विशेष शाखा या गटात येतात.

'''गौण विषय''' : मुख्य विषयाला पूरक असा दुसरा विषय. त्यासाठी १८ ते २० श्रेयांक ठेवलेले आहेत.

'''खुले वैकल्पिक विषय''' : १० ते १२ श्रेयांक. हे विषय दुसऱ्या विद्याशाखेतून निवडणे अपेक्षित आहे.

'''व्यावसायिक व कौशल्य विषय''' : मुख्य विषयाशी निगडित व्यावसायिक कौशल्ये आणि सर्वसाधारण कौशल्ये असे याचे दोन भाग आहेत.

'''क्षमता संवर्धन, भारतीय ज्ञान प्रणाली व मूल्य शिक्षण''' : भाषांसाठी ८ श्रेयांक असून त्यांपैकी ४ इंग्रजीला व ४ आधुनिक भारतीय भाषेला आहेत. भारतीय ज्ञान प्रणालीला २ व मूल्य शिक्षणाला ४ श्रेयांक आहेत.

'''अनुभवाधारित अध्ययन''' : क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग व प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. याखेरीज क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, कला आदी सहअभ्यासक्रमांनाही श्रेयांक आहेत.

या वर्गवारीमुळे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला मराठी किंवा हिंदीसारखी भाषा आणि अन्य शाखेतील एखादा विषय पदवीचा भाग म्हणून शिकावा लागतो. पूर्वी प्रमाणपत्रापुरत्या मानल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांना श्रेयांकांच्या हिशेबात स्थान मिळाले. याचबरोबर, गटनिहाय अटीमुळे मुख्य विषयांत उत्तम गुण असूनही लहान गटातील दोन श्रेयांक राहून गेल्यास पदवी अडते.

=== संक्रमणकाळ ===

नवी रचना वरच्या वर्गांना एकाच वेळी लागू झाली नाही. प्रवेशाच्या वेळी लागू असलेला आराखडा विद्यार्थ्याला पुढेही लागू राहतो. परिणामी २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत पहिले वर्ष नव्या, तर दुसरे व तिसरे वर्ष २०१९ च्या आराखड्यानुसार चालले. २०२३ मध्ये एकाच गावातून बारावी झालेल्या दोघांपैकी स्वायत्त महाविद्यालयात गेलेला नव्या रचनेत आला आणि संलग्न महाविद्यालयात गेलेला जुन्या रचनेत राहिला. दोघांच्या पदवीचे नाव सारखे असले तरी अटी भिन्न आहेत.

== तंत्रशिक्षण परिषदेचे नियमन व प्रवेश परीक्षा ==

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ ते २०२६-२७ या कालावधीसाठीच्या मान्यता नियमावलीत बी.बी.ए., बी.एम.एस. व बी.सी.ए. या अभ्यासक्रमांचा समावेश केला. महाविद्यालयांना ते चालवण्यासाठी परिषदेची मान्यता घेणे बंधनकारक झाले. परिषदेने २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांसाठी आदर्श अभ्यासक्रमही प्रसिद्ध केले.

हे अभ्यासक्रम व्यावसायिक शिक्षणाच्या वर्गात आल्याने महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी पहिल्यांदा परीक्षा घेतली. ही परीक्षा संगणकावर, ९० मिनिटांची व १०० प्रश्नांची होती. त्यात इंग्रजी भाषेला ४०, तर्कक्षमतेला ३०, सामान्य ज्ञानाला १५ व संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाला १५ गुण होते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागांचे वाटप करण्याची पद्धत आली.

पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. या बदलाची माहिती अनेक विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोहोचली नव्हती. राज्यातील उपलब्ध जागा एक लाखाहून अधिक असताना परीक्षा दिलेल्यांची संख्या त्यांच्या निम्म्याहूनही कमी राहिली. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये अतिरिक्त परीक्षा घेण्यात आली. दरम्यान मुंबईतील काही महाविद्यालयांनी बी.एम.एस.चे रूपांतर बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास) अशा नावाच्या पदवीत केले. बी.कॉम. परिषदेच्या कक्षेत येत नसल्याने अशा पदवीला प्रवेश परीक्षा लागत नाही.

== भिगवण परिसरातील संदर्भ ==

भिगवण हे इंदापूर तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरील व लोहमार्गावरील गाव आहे. ते पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, तर बारामतीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. उजनी धरणाच्या जलाशयातील मासेमारी व मासळी बाजार, ऊसशेती आणि कागद कारखाना हे परिसराच्या अर्थव्यवस्थेचे प्रमुख घटक आहेत. उच्च शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्यांना बारामती व इंदापूर ही जवळची केंद्रे आहेत. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले असून ते स्वायत्त आहे. विद्या प्रतिष्ठान ही १९७२ मध्ये स्थापन झालेली संस्थाही बारामतीत विविध महाविद्यालये चालवते. स्वायत्त महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यास मंडळ असते. ते शासनाच्या श्रेयांक चौकटीत राहून विषय व परीक्षा ठरवते आणि पदवी विद्यापीठाची मिळते.

प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची अट या परिसरात दोन प्रकारे परिणाम करते. ४ श्रेयांकांच्या प्रशिक्षणासाठी सुमारे १२० तास द्यावे लागतात. रोज सहा तास धरल्यास हे वीस दिवसांचे काम होते. शहरातील कार्यालयात ते करायचे तर राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च येतो. दुसरीकडे साखर कारखाने, दूध संकलन, बारामतीची औद्योगिक वसाहत, सहकारी पतसंस्था व मासळीचा घाऊक व्यापार ही व्यवस्थापनाच्या अभ्यासाची ठिकाणे याच टापूत आहेत. मासळीचा लिलाव, बर्फ व वाहतुकीचा खर्च, नाशवंत मालाची किंमत ठरण्याची रीत किंवा गळीत हंगामातील ऊसतोडणीचे वेळापत्रक हे क्षेत्र प्रकल्पाचे विषय होऊ शकतात. शेतकरी, मच्छीमार व व्यापारी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना त्यांची ओळख घरातूनच असते.

== लाभ व आक्षेप ==

नव्या रचनेच्या समर्थनार्थ लवचीकतेचा मुद्दा मांडला जातो. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडणाऱ्यांच्या हाती प्रमाणपत्र वा पदविका राहते व परतीचा मार्ग खुला असतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेमुळे शिक्षकसंख्या, ग्रंथालय व संगणक सुविधा यांचे किमान निकष लागू होतात. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना असल्याने प्रवेशाचा मार्ग कुटुंबाच्या खर्चाशीही जोडला गेला.

आक्षेप मुख्यतः अंमलबजावणीविषयी आहेत. खुल्या विषयांची निवड कागदावर विस्तृत असली तरी लहान महाविद्यालयांत शिक्षक मोजके असतात. तेथे विद्यार्थ्याला उपलब्ध विषयांतूनच निवड करावी लागते. एकच शाखा असलेल्या संस्थांत ही अडचण अधिक जाणवते. पदवी मध्येच सोडण्याची सोय गरीब विद्यार्थ्यांच्या गळतीला मान्यता देईल, अशी भीतीही व्यक्त झाली आहे. प्रवेश परीक्षेत १०० पैकी ४० गुण इंग्रजीला असल्याने मराठी माध्यमात शिकलेल्यांना अधिक तयारी करावी लागते. बारावीच्या निकालानंतर अभ्यासक्रम निवडण्याची ग्रामीण भागातील रीतही या परीक्षेशी जुळत नाही, कारण परीक्षेचा अर्ज निकालाच्या आधीच भरावा लागतो.

जुन्या पद्धतीत बी.बी.ए.चा निर्णय जूनमध्ये, गुणपत्रिका हाती आल्यावर घेता येत असे. नव्या पद्धतीत तो बारावीचे वर्ष चालू असतानाच घ्यावा लागतो. त्यामुळे परीक्षेची सूचना, महाविद्यालयाची मान्यता व ते स्वायत्त आहे की संलग्न, यांची माहिती कनिष्ठ महाविद्यालयाच्या पातळीवरच मिळणे आवश्यक झाले आहे.