चावी फिरवली अन् नुसतं 'टक' झालं? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

पहाटे माल भरून पिकअप तयार असते, लिलावाआधी बाजार समितीत पोहोचायचं असतं, आणि चावी फिरवली की नुसतं 'टक'. मग चार जण गोळा होतात, धक्का मारतात, गाडी कशीबशी सुरू होते. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणली जाते. आठ दिवसांनी गाडी परत तिथंच उभी! कारण दोष बॅटरीत नव्हताच.

चावी काही सेल्फला थेट फिरवत नाही. इग्निशन स्विचमधून बारीक वायरने थोडासा करंट सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या अंगावरचा छोटा गोल डबा. तो आतला जाड कॉन्टॅक्ट जोडतो, तेव्हा कुठं जाड केबलमधून शंभर-दोनशे अँपिअर करंट मोटरला मिळतो. डिझेल गाडी असेल तर त्याहूनही जास्त. एवढ्या करंटला थोडासा गंजही आडवा येतो.

दोष कुठं आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं न करता बाजूला उभं करून चावी मारा. लाइट एकदम मंद झाले आणि 'टकटकटक' आवाज आला तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल किंवा गंजलेलं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी मायनस काढा, मग प्लस. खायचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने घासा, कोरडं करून बसवा. बसवताना मायनस शेवटी. हे करताना विडी-सिगारेट लांब ठेवा, बॅटरीतून पेट घेणारा गॅस निघतो.

लाइट तसेच लख्ख राहिले आणि एकच 'टक' झालं, तर सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट जळालाय किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेत. अशा वेळी सेल्फला लाकडी दांड्याने हलकं ठोकलं की एखाद-दोन वेळा गाडी सुरू होते. तेवढ्यावर बाजार करून या, पण परत येताना गाडी थेट वायरमनकडे न्या. सगळा सेल्फ बदलायची गरज दरवेळी नसते, ब्रश आणि बुश वेगळे मिळतात.

लाइट लख्ख आणि आवाजच नाही, तर फ्यूज, रिले, बारीक वायर किंवा चावीचा स्विच बघा. नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही आधी आठवा. उंदरानं कुरतडलेली वायर तर आपल्याकडे नेहमीचीच. इंजिन सुरू होतं पण चावी सोडली की बंद पडतं, असं झालं तर संशय स्विचवरच घ्यावा. चावीला घराच्या, गोठ्याच्या, मोटारीच्या चाव्यांचा जुडगा लटकवला की तो स्विच लवकर ढिला होतो.

एक जागा मात्र बरेच मेकॅनिकही विसरतात: इंजिन ते चासीची अर्थिंग पट्टी. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. आता गाडी दणक्यात फिरली तर पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून गाडी लावणारे गावोगावी आहेत. हे करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसावर चालून जाते, आणि माणूस बहुतेक वेळा बोनेटपाशीच वाकलेला असतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. चावी सोडूनही सेल्फ फिरतच राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलाय, लगेच बॅटरीची मायनस वायर काढा.

मल्टिमीटर असेल तर बघा: रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीला साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघायला सांगा, कारण तो नीट चार्ज करत नसेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार. आणि काही पार्ट बदलला तर जुना पार्ट मागून घ्या.