शाळेपुढील वेग आणि नागरिकांचा अर्ज

शाळा सुटल्याची घंटा झाली की पाच-सात मिनिटांत तीन-चारशे मुले एका फाटकातून रस्त्यावर येतात. त्या रस्त्यावर एखादे मूल दगावले म्हणजे पुढे काय घडते, याचा क्रम आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलेला आहे. प्रथम रास्ता रोको होतो, मग लोकप्रतिनिधी येऊन आश्वासन देतात आणि आठवडाभरात डांबराचा एक ओबडधोबड उंचवटा रस्त्यावर आडवा पडतो. पुढच्या डांबरीकरणात तो गडप होतो. या साऱ्या खटाटोपात शाळेपुढून वाहनाने किती वेगाने जावे, हा मूळ प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारलेलाच नसतो.

हा प्रश्न भावनेपेक्षा गणिताचा अधिक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर काटते. ताशी ३० ने जाणारी आठ मीटरांहून किंचित अधिक. मूल दृष्टीस पडल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरले, तर रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असताना ३० च्या वेगाची मोटार साडेतेरा मीटरांच्या आत थांबते. तेवढ्या अंतरात ५० च्या मोटारीचा ब्रेक नुकता कुठे लागत असतो. म्हणजे १४ मीटरांवर एखादे मूल चेंडूमागे धावत रस्त्यात आले, तर पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबते आणि दुसरी जवळजवळ पूर्ण वेगानिशी त्याच्यावर आदळते. फरक केवळ २० किलोमीटरांचा! शिवाय लहान मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज प्रौढांप्रमाणे बांधता येत नाही. तेव्हा सावधगिरीचा सारा भार त्यांच्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्याने पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० ची मर्यादा सुचविली, ती याच कारणासाठी. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे.

मग शाळांपुढे फलक नाहीत काय? पुष्कळ ठिकाणी आहेत. तांबड्या काठाच्या त्रिकोणात दप्तर घेतलेली दोन मुले अनेक रस्त्यांवर दिसतात. परंतु त्रिकोणी फलक हा इशारा असतो. आज्ञा असते ती तांबड्या वर्तुळातील आकड्याची. आणि तो आकडा कोणीही हौसेने रंगवून चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११२ वे कलम याबाबतीत स्पष्ट आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास राज्य शासन, अथवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, विशिष्ट रस्त्यापुरती कमाल वेगमर्यादा ठरवू शकतो. मात्र त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर फलकही हवा. दोहोंपैकी एक नसेल तर दंड झालेल्या चालकाच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. एखाद्या मंडळाने किंवा संस्थेने देणगीतून उभारलेला '२० चा वेग' हा सद्हेतूचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने शोभेचाच ठरतो.

याच कलमाला एक परंतुक आहे आणि त्याचा उपयोग कोणी फारसा केलेला दिसत नाही. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडतात. त्या पहिल्या महिन्यापुरती मर्यादा प्रयोगादाखल लावा, एवढीच मागणी केली तर 'प्रकरण मंत्रालयात पाठवावे लागेल' हे नेहमीचे उत्तर देण्यास जागा उरत नाही.

अर्ज करण्यापूर्वी रस्ता कोणाचा हे शोधावे लागते. एकाच गावातून जाणारा रस्ता पुढे महामार्ग प्राधिकरणाचा, वळणापासून सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि आतल्या बाजूस नगरपरिषदेचा असतो. फलक, पट्टे आणि पदपथ ही रस्त्याच्या मालकाची कामे. वेगाचा निर्णय शहरात पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्याकडे मागावयाचा. एकच अर्ज दोघांनाही द्यावा, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' असे म्हणून टोलवाटोलवी करणे अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्देशांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असावयाची आहे. ही सारी खाती तिच्या बैठकीत एका टेबलाशी बसतात, म्हणून अर्जाची तिसरी प्रत तिच्याकडे जावी.

अर्जावर शंभर सह्या असण्यापेक्षा शाळेचा ठराव जोडलेला असणे अधिक मोलाचे. शिक्षण हक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळांना ती सक्ती नाही. तेथे पालक-शिक्षक संघाने ठराव करावा. खेडेगावात ग्रामसभेचा ठराव घेता येतो.

पण सर्वांत मोठे काम शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनाच करता येईल. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि कुंपणाच्या आत उभे राहून, हाती वेळ मोजण्याचे घड्याळ घेऊन, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या सुमारास गाड्या मोजाव्यात. हे अंतर सहा सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० ने जाते, ३.६ सेकंदांत कापणारे ५० ने. नववीच्या मुलांना गतीचे नियम शिकविताना यापेक्षा चांगले उदाहरण कोणते मिळणार? अशा ५० वाहनांचा तक्ता, तारीख-वेळेसह जोडलेला, पाहिल्यावर कोणत्याही अभियंत्यास 'तक्रार अतिशयोक्त आहे' असा शेरा मारणे जड जाईल.

मागणी काय असावी, हेही सांगायला हवे. नागरिक हटकून गतिरोधकच मागतात. तोही शास्त्रशुद्ध असू शकतो : भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्येच त्याचे माप सांगून ठेवले होते, रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची १० सेंटिमीटर. त्यावरून वाहन ताशी २५ च्या वेगाने विनाधक्का जावे, असा हिशेब. रातोरात पडणाऱ्या उंचवट्यांचे या मापाशी काही नाते नसते. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकावेत असे तर केंद्राने २०१६ मध्येच कळविले आहे, त्यामुळे तेथे ती मागणी करणे म्हणजे नकार ओढवून घेणे. म्हणून वर्तुळातील आकडा, कोठून कोठवर आणि किती ते किती वाजेपर्यंत, हे अर्जात लिहावे. पादचारी पट्टे, फाटकापुढील कठडा आणि लांबून दिसणारा उंच पट्टा या गोष्टी त्याच्या सोबतीला मागाव्यात. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर नुसता आकडा लावला तर चालक तो वाचतो आणि पाय मात्र रस्त्याच्या रुंदीनुसार दाबतो.

अर्जाची पोच घेऊन ठेवावी. महिनाभर उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात त्यावरील टिपणी आणि शेरे मागता येतात. माहिती ३० दिवसांत देण्याचे बंधन २००५ च्या कायद्यात आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तेथेही विहित नमुन्यात आधी अर्ज देऊन हे प्रकरण मांडता येते. आणि प्रायोगिक मर्यादेचा तो एक महिना मिळालाच, तर तो संपण्यापूर्वी त्याच दोन खुणांमधून, त्याच वेळी, पुन्हा ५० वाहने मोजावीत आणि तो दुसरा तक्ता पहिल्यास जोडून अधिसूचनेच्या मागणीसह पाठवावा.