राखीव रक्त ठेवायचं कुठे?

बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही आणि हव्या त्या गटाचं रक्त मात्र डोंगरापलीकडच्या रक्तपेढीत. हजार टेकड्यांचा देश म्हणवणाऱ्या रवांडातल्या जिल्हा रुग्णालयांपुढचा हा जुना पेच. रस्त्याचा भरवसा नाही म्हटल्यावर जादा पिशव्या आणून फ्रिज भरून ठेवणं आलंच. पण रक्त म्हणजे काही औषधाच्या गोळ्या नव्हेत. लाल पेशी थंडीत ठेवूनही 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम 5 दिवस. एका रुग्णालयात मुदत संपलेली पिशवी फेकायची आणि दुसऱ्याने तिच्याचसाठी गाडी पळवायची, असा हा कारभार.

साठा किती, यावर व्यवस्थापक तासन्‌तास वाद घालतात. खरा पैसा, आणि इथे तर जीव, ‘कुठे’ यात अडकलेला असतो.

समजा, सारख्याच आकाराच्या 9 रुग्णालयांनी एका गटाच्या प्रत्येकी 4 पिशव्या राखीव ठेवल्या. झाल्या 36. तोच साठा एका जागी ठेवला, तर तेवढ्याच खात्रीला 12 पिशव्या पुरतात. सगळीकडची मागणी एकाच दिवशी उसळत नाही, म्हणून 9 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे तीनपट फरक पडतो. (बस दरीत कोसळून जखमी चार रुग्णालयांत गेले, की हे गणित कोलमडतं, हेही खरं.)

मात्र एका जागचा साठा रुग्णापासून लांब जातो. ऑक्टोबर 2016 मध्ये झिपलाइन कंपनीने मुहांगाहून ड्रोन उडवायला सुरुवात केली ती हे अंतर कापायला. रुग्णालयाने मागणी कळवली की पिशव्या खोक्यात भरतात. ड्रोन न उतरताच पॅराशूट लावलेलं खोकं आवारात सोडून माघारी फिरतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2022 साली आलेल्या अभ्यासात 12,733 मागण्या तपासल्या होत्या. गाडीच्या तुलनेत सरासरी 79 ते 98 मिनिटं वाचली आणि वर्षभरात रुग्णालयांत मुदत संपून वाया जाणारं रक्त 67 टक्क्यांनी घटलं.

तरीही रुग्णालयाचा फ्रिज रिकामा करून चालणार नाही. ओ निगेटिव्हच्या दोन-चार पिशव्या हाताशी हव्यातच; ड्रोन कितीही वेगवान असला, तरी काही रुग्णांकडे तेवढीही मिनिटं नसतात. आणि ड्रोनचा पल्ला साधारण 80 किलोमीटरचा. पूर्वेकडच्या रुग्णालयांसाठी म्हणूनच 2018 च्या अखेरीस कायोंझाला दुसरं केंद्र उघडावं लागलं.